चौथीच्या पोरांना लिहितं करायला टॅबचा खरंच उपयोग होतो का? (चार टॅब, सव्वीस पोरं)

दोनशिक्षकी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

धुळे जिल्हा, साक्री तालुका, जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून सव्वीस पोरं. दोन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून टीव्ही आला आणि यंदा एका ट्रस्टने चार टॅब दिले. टॅबवर सध्या काय चालतं तर पाढे, कविता आणि दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करण्यात पोरं माझ्यापेक्षा पटाईत आहेत, त्यात काही अडचण नाही.

अडचण लिखाणाची आहे. पोरं वाचतात बऱ्यापैकी, बोलतात तर विचारूच नका, पण लिहायला बसवलं की सगळा वर्ग गार. मागच्या आठवड्यात 'माझा आवडता प्राणी' दिलं होतं. सव्वीसपैकी एकोणीस वह्यांत गाय. गायीला चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, गाय दूध देते, गाय मला फार आवडते, संपलं. आता गंमत बघा, या एकोणिसांतल्या एका पोराच्या घरी आदल्या रात्री बकरी व्यायली होती, दोन पिल्लं झाली, एक गेलं, हे सगळं त्याने मला परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं हातवारे करून सांगितलेलं. पिल्लू कसं ओलं होतं, आजीने गोणपाटाने कसं पुसलं, सगळं. आणि वहीत मात्र गाय! विचारलं, अरे बकरीचं का नाही लिहिलंस, तर म्हणतो कसा, "सर, ते पुस्तकमा नही ना."

त्या दिवसापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे पंधरा मिनिटांचं बोलणं कागदावर यायच्या वाटेवर कुठं गळून पडतं. घरात सगळे अहिराणी बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी, अक्षर काढायला वेळ लागतो, तोपर्यंत सांगायचं विसरून जातात, असं बरंच काही असेल. टॅबचा यात काही उपयोग करता येईल का? कुणी प्रत्यक्ष वर्गात केलंय का? प्लीज ॲपची यादी देऊ नका, ॲपच्या याद्या आमच्या केंद्राच्या ग्रुपवर रोज पडतात. नेट शाळेच्या गच्चीवर येतं, वर्गात कधी येतं कधी नाही, आणि दुपारी वीज जाते ते धरूनच सांगा.

तळ्याकाठची बाई

सर, तुमचा तो बकरीवाला पोरगा माझ्या वर्गातपण आहे, फक्त आमच्याकडे त्याने विहिरीत पडलेल्या सापाचं सांगितलं आणि लिहिताना 'माझी शाळा' लिहिली 😄

मी तीन वर्षं करतेय, परभणी जिल्हा, चौथी. माझ्याकडे तर टॅबही नव्हता, माझाच जुना फोन. जे चाललं ते सांगते, जे फसलं तेही सांगते.

पहिलं म्हणजे आवाजाने टायपिंग. जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठीतून बोलून लिहायची सोय २०१७ पासून आहे, माईकचं बटण दाबायचं आणि बोलायचं. मला वाटलं झालं, आता पोरं बोलतील आणि आपोआप निबंध तयार. तसं काही होत नाही. एक तर पोरं माईक दाबला की पुतळा होतात, मग टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागतात, "नमस्कार, माझे नाव अमुक अमुक". दुसरं, वर्गात सतरा आवाज असतात, फोन बिचारा भलतंच लिहितो. आणि तिसरं, बोलीभाषेचं तो पार भजं करतो. तुमच्याकडं अहिराणी म्हणजे अजूनच.

मग मी काय केलं, टायपिंग बंद केलं आणि आधी नुसतं रेकॉर्डिंग करायला लागले. नेट लागत नाही, काही लागत नाही, फोनमधला साधा रेकॉर्डर. चार पोरं व्हरांड्यात जायची, एकाने सांगायचं बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये प्रश्न विचारला तरी चालेल. समोर ऐकणारं पोरगं असलं की बातम्यांचा सूर आपोआप जातो. मग परत वर्गात येऊन स्वतःचं रेकॉर्डिंग एकेक वाक्य थांबवून थांबवून ऐकायचं आणि वहीत उतरवायचं. हे फार हळू होतं, एका गोष्टीला तीन दिवस जातात, पण सांगायचं विसरत नाहीत कारण ते तिथं साठवलेलं आहे. अक्षर काढायला कितीही वेळ लागू दे, वाक्य वाट बघत थांबतं. तुम्ही म्हणता ना वाटेत गळून पडतं, ते इथं गळत नाही.

टायपिंग मी त्यानंतर आणते, वहीत उतरलं की. आणि त्यातली सगळ्यात भारी गोष्ट मला पोरांनीच शिकवली, बॅकस्पेस! एक पोरगी 'स्त्री' शब्द खोडत होती, आणि ओरडली, "बाई, ह्ये तुकडं तुकडं होतंय." खरंच, एकदा दाबलं की वेलांटी गेली, 'स्त्र' उरलं, मग र गेला, मग पाय मोडलेला त उभा, 'स्त्', मग नुसतं 'स्त', मग 'स्', मग 'स'. सहा वेळा दाबलं तेव्हा शब्द गेला. त्या दिवशी सगळा वर्ग जोडाक्षरं फोडत बसला, चंद्र, राष्ट्र, कृष्ण, लक्ष्मी, आणि कुणाच्या शब्दाला जास्त बॅकस्पेस लागतात याची पैज. मी दोन वर्षं फळ्यावर क् अधिक ष करून घसा फोडत होते, त्यांना ते बॅकस्पेसने एका तासात कळलं.

दुसरी गोष्ट, लिहिलेलं फोनकडून वाचून घेणं. अँड्रॉइडमध्ये सेटिंगला ॲक्सेसिबिलिटीत 'सिलेक्ट टू स्पीक' असतं, मराठी आवाज आधी वायफायवर उतरवून ठेवायचा म्हणजे नंतर नेट नसलं तरी बोलतो. एका पोराने अख्खं पान लिहिलेलं, पूर्णविराम एकही नाही. मी दहादा सांगितलं असेल. फोनने ते सगळं एका दमात वाचलं आणि पोरगं म्हणालं, "बाई, ह्या बाईला दम लागंना का?" मी म्हटलं तूच बघ बाबा तिला कुठं दम घेऊ द्यायचा ते. बसला टिंबं... म्हणजे आपले पूर्णविराम द्यायला. जास्तच दिले, पण दिले.

फसलं ते म्हणजे चार पोरांत एक फोन देऊन 'मिळून गोष्ट लिहा' म्हणणं. एकच हुशार पोरगी टाइप करते, तिघं डोकावतात, मग मारामारी. आता मी वेळ लावते, पाच मिनिटं झाली की फोन पुढच्याच्या हातात, वाक्य अर्धं असलं तरी.

पाटीपेन्सिल

माफ करा, पण चौथीतल्या पोराला टायपिंग कशाला? अजून हात बसलेला नाही. हाताने 'कि' काढताना आपण वेलांटी आधी काढतो, कीबोर्डवर क आधी आणि वेलांटी नंतर. पोरांचा गोंधळ होणार नाही का? आणि ते वर शब्द सुचवणारं काय असतं, 'शा' टाकलं की शाळा, शाहू, शाबास हजर. पोरगं लिहीत नाही, निवडतं. ऱ्हस्व-दीर्घ त्याला कधी कळणारच नाही कारण चुकायची वेळच येत नाही.

एकवीस वर्षं झाली मला शिकवून. पाटीवर, वाळूत, फरशीवर खडूने, सगळ्यावर लिहून घेतलं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ला सृजन आनंद विद्यालय काढलं तेव्हा कुठं होते टॅब? पोरांना अनुभव द्यायचे आणि त्यावर बोलतं-लिहितं करायचं, हे त्यांनी स्क्रीनशिवायच केलं ना. मुद्दा अनुभवाचा आहे, यंत्राचा नाही. वैयक्तिक घेऊ नये.

तळ्याकाठची बाई

@पाटीपेन्सिल सर, वैयक्तिक कशाला घेऊ, सुचवण्या बंद करता येतात, कीबोर्डच्या सेटिंगमध्येच आहे, मी पहिल्या दिवशी बंद केल्या. वेलांटीचा गोंधळ मात्र होतो हे खरं, दोघा-तिघांचा झाला, आठवड्याने निघून गेला. आणि हात मी सोडलेलाच नाही, नीट वाचलंत तर पहिला खर्डा वहीतच आहे.

आई_पाचवीची

मी शिक्षिका नाही, चालेल ना लिहिलेलं? मुलगा पाचवीत आहे, पुण्यात. दुसरीत असताना कळलं की त्याला लिहिण्यातली अध्ययन अक्षमता आहे. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, अजूनही. फळ्यावरचं उतरवून घ्यायला इतरांना दहा मिनिटं लागली तर याला पस्तीस, आणि मग वहीत 'अपूर्ण' असा लाल शेरा. एक पूर्ण वही आहे माझ्याकडे जपून ठेवलेली, तिच्यात त्याच्या अक्षरापेक्षा लाल शाई जास्त आहे.

वर पाटीपेन्सिल सरांनी लिहिलंय की पोरगं लिहीत नाही, निवडतं. माझ्या मुलासाठी ते निवडणं म्हणजे पांगुळगाडा आहे हो. त्याला 'घर' आणि 'धर' समोर दिसले की कुठलं हवं ते त्याला ओळखता येतं, पण कोऱ्या कागदावर त्याच्या हातून काढता येत नाही. आम्ही घरी आवाजाने टायपिंग वापरतो. त्याने गेल्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मांजरांवर अकरा पानांची गोष्ट 'लिहिली'. बोलून. मग तीच गोष्ट फोनने वाचून दाखवली, आणि हा प्रत्येक वाक्याला "थांब, असं नाही, बोका आधी बघतो मग उडी मारतो" करत बदलत बसला, दोन तास एका जागेवर बसलेलं मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं.

शाळेला दाखवलं (नाव घेत नाही), तर उत्तर आलं की हे त्याने लिहिलंय कशावरून, आणि बाकीच्या मुलांवर अन्याय होईल. पुढं बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, नियमाने मिळतो, मग पाचवीतल्या निबंधाला यंत्राने लिहून घेतलं तर अन्याय कसा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. दोनशिक्षकी सर, तुमच्या सव्वीस पोरांतही असं एखादं असेल, गप्प बसणारं, 'आळशी' म्हणून खपून जाणारं. त्याच्या हातात टॅब आधी द्या एवढंच म्हणेन.

दोनशिक्षकी

ताई, एक आहे. मागच्या बाकावर बसते, मी तिला नेहमी 'लिही गं लिही' म्हणत असतो. उद्या बघतो.

तळ्याकाठच्या बाई, काल रात्री घरी आवाजाचं टायपिंग करून बघितलं. मी म्हटलं, "मनी माय वावरमा गयी." टॅबने लिहिलं, "मनी माय वापर मागे." बायको हसून हसून लोळली. तर अहिराणीचं काय करायचं? पुस्तकी मराठीतच बोला असं सांगितलं तर परत तीच गाय येणार.

अमळनेरकर_निवृत्त

दोनशिक्षकी, तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातून लिहितोय. ३३ वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, आता नातू टाइप करून देतो, मी सांगतो, म्हणजे मीपण आवाजाचंच टायपिंग करतोय म्हणा ना.

अहिराणी जशी आहे तशी लिहू द्या. 'मनी माय वावरमा गयी' यात चूक काय आहे? माय आहे, वावर आहे, गेली आहे. एकदा ते कागदावर आलं की मग शेजारी पुस्तकी मराठीत तेच लिहायचं, 'माझी आई शेतात गेली'. पोरांना दोन्ही येतं, त्यांना फक्त कुणी दोन्ही मागत नाही. बहिणाबाईंनी काय पुस्तकी बोलीत सांगितलं होतं का? त्या सांगायच्या आणि घरचे उतरवून घ्यायचे. स्वतःला लिहिता येत नव्हतं त्यांना. तुमच्या पोरांचं रेकॉर्डिंग आणि ते, माझ्या मते जातकुळी एकच.

दुसरं. आमच्या गावची गोष्ट आहे म्हणून सांगतो. साने गुरुजी १९२४ साली इथं प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, छात्रालयात मुलांबरोबर राहायचे, आणि मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढायचे. छापील नव्हे हो, हाताने लिहिलेलं. मुलं वाचायला जमायची. मी नोकरीत असताना दरवर्षी हस्तलिखित काढायचो, त्यात काय व्हायचं, वर्षातून एकदा, सुंदर अक्षरवाल्या चार मुलींकडून लिहून घ्यायचं, वर मखमली कव्हर, आणि ते पाहुण्यांना दाखवून कपाटात. वाचत कुणी नव्हतं. दैनिक आणि हस्तलिखित यातला फरक मला निवृत्त झाल्यावर कळला, उशीरच झाला.

तुमच्याकडे टीव्ही आहे, टॅब आहे. रोज सकाळी चार ओळी टीव्हीवर लावा, आदल्या दिवशी पोरांनी लिहिलेल्या. वर्गातलं दैनिक. अक्षर सुंदर नसलं तरी चालतं कारण टाइप केलेलं असतं, गबाळ्या अक्षराच्या पोराची बातमीपण तितकीच स्वच्छ दिसते. हा एकच फायदा मला या यंत्रात दिसतो, पण तो मोठा आहे. बकरीची बातमी पहिल्या पानावर घ्या.

सातवीचा_वर्ग

चांगला धागा. माझं दुखणं उलटं आहे त्यामुळं जरा गार पाणी ओततो.

सांगलीकडं, सातवी-आठवी. आमच्या पोरांकडं घरी फोन आहेत, आणि गेल्या वर्षीपासून निबंध एआयकडून येतायत. 'फळ्याचे मनोगत' दिलं, नऊ जणांचे फळे सारखंच बोलत होते. "मी ज्ञानाचा मूक साक्षीदार आहे." एकाला उभं केलं, म्हटलं मूक साक्षीदार म्हणजे काय रे, तर म्हणाला "सर, मुका मारलेला." पाऊस निबंधात आला की तो हमखास "निसर्गाचा अविभाज्य घटक" असतो. अर्थात आपल्या काळी गाईड होतंच, पाऊस तेव्हाही "वर्षाराणी" व्हायचा, त्यामुळं नुसतं फोनला शिव्या घालण्यात अर्थ नाही. गाईडमधून उतरवताना निदान हात तरी दुखायचा एवढाच फरक.

मी दोन गोष्टी बदलल्या. विषय असे देतो की फोनला ठाऊकच नसतात. "काल संध्याकाळी सहा ते सात तुमच्या दारात काय काय झालं." "तुमच्या घरात सगळ्यात जुनी वस्तू कुठली, ती कुणी कुणाला दिली, आजीला विचारून या." आमच्या एका पोराने अडकित्त्यावर दीड पान लिहिलं, पणजोबांचा होता, त्याचा आवाज कसा येतो ते लिहिलं, 'कट् नाही, कडक्'. हे कुठलं एआय लिहिणार.

आणि दुसरं, गूगल डॉक्समध्ये लिहायला लावतो शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, तिथं जुन्या आवृत्त्या बघता येतात, कुणी केव्हा काय खोडलं काय घातलं सगळं. चोर पकडायला म्हणून सुरू केलं होतं खरं तर. पण पोरांनाच ते बघायला आवडायला लागलं, "सर माझं आधी किती फालतू होतं बघा." मी लाल पेनने जे वर्षानुवर्षं सांगत होतो की परत वाचा, परत लिहा, ते कुणी करत नव्हतं कारण वहीत परत लिहिणं म्हणजे शिक्षा. अख्खं पान पुन्हा उतरवायचं एका वाक्यासाठी! इथं एक वाक्य मधे सरकवता येतं. चौथीला डॉक्स वगैरे नको, पण हे मधे सरकवणं साध्या नोट्समध्येपण होतं, ते पोरांना मुद्दाम दाखवा, बऱ्याच पोरांना माहीतच नसतं की मधे घालता येतं, ती शेवटी जोडत जातात.

हो आणि एक, पोरांच्या नावाने अकाउंटं काढायच्या भानगडीत पडू नका. तेराच्या आतल्यांना गूगलचं स्वतंत्र अकाउंट काढता येत नाही, पालकांच्या देखरेखीखालचंच लागतं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तर अठराच्या आतल्या सगळ्यांसाठी पालकांची संमती धरलेली आहे. टॅबवर शाळेचं एक अकाउंट, आणि पोरांचं लिखाण फोटोसकट गावभर ग्रुपवर टाकायचं नाही.

शनिवारची_शाळा_जर्सी

न्यू जर्सीहून. आमची रविवारी भरते मराठी शाळा, आयडी काढताना शनिवारी भरायची 🙂 बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इकडच्या मराठी मंडळांची संघटना) अभ्यासक्रमावर चालते, मी तिथं स्वयंसेवक म्हणून शिकवते. आमची मुलं तुमच्या मुलांच्या बरोब्बर उलटी. टायपिंग जन्मतः येतं, मराठी बोलताना अडखळतात. ती 'aaji' टाइप केलं की आजी येते अशा कीबोर्डवर लिहितात आणि खूश असतात, पण ण-न, ळ-ल यांचा पत्ता नसतो, कारण कानालाच फरक कळत नाही. 'बाळ' लिहायचं तर मोठा एल दाबायचा हे पाठ करतात, ळ म्हणून नाही, 'मोठा एल' म्हणून.

आमच्याकडे जे चाललं ते म्हणजे आजीला व्हॉट्सॲप. दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या भारतातल्या आजीला-आजोबांना तीन ओळी मराठीत पाठवायच्या, आई-बाबांच्या फोनवरून. आजी उत्तर पाठवते, आणि उत्तरात प्रश्न असतो, "काय जेवलास?" मग उत्तर देणं भाग पडतं. एका आजीने नातीचा मेसेज "मी बरी आहे, तु कशी आहेस" दुरुस्त करून परत पाठवला, 'तू' दीर्घ गं बाई! आमचं निम्मं शुद्धलेखन अशा आज्यांनी करून घेतलंय.

पाटीपेन्सिल

आजीचं पटलं.

अक्षरवेडा

विषय जरा बाजूचा आहे पण टीव्हीवर दाखवणार असाल तर फॉण्ट बघा. बऱ्याच फोन-टॅबवर मूळचा जो देवनागरी फॉण्ट असतो त्यात ल आणि श हिंदी वळणाचे असतात. बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो. मोठ्यांना फरक पडत नाही, तिसरीतलं पोर अडखळतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉण्ट मराठी वळणाचा आहे, युनिकोडमध्ये आहे, लॅपटॉपवर टाकून पीडीएफ केली की टीव्हीवर तशीच दिसते. आणि कृपा करून श्रीलिपी-कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं पेनड्राइव्हने नेऊ नका, दुसरीकडे उघडलं की कावळ्याचे पाय दिसतात, मग म्हणाल टीव्ही बिघडला.

दोनशिक्षकी

तीन आठवडे झाले, म्हणून हिशोब द्यायला आलो. सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं उत्तर देत नाही.

दैनिक सुरू केलं. नाव पोरांनीच ठेवलं, 'आज काय झालं'. रोज सकाळी परिपाठानंतर टीव्हीवर. पहिल्या आठवड्यात पद्धत अशी होती की चार गट, चार टॅब, गच्चीवर-व्हरांड्यात-झाडाखाली रेकॉर्डिंग, मग वही, मग टायपिंग. सुचवण्या बंद केल्या (पाटीपेन्सिल सर 🙏). पहिल्या तीन दिवसांत काहीही निघालं नाही, पोरं रेकॉर्डिंग करून आपलाच आवाज ऐकत हसत बसली, चौथ्या दिवशी हसणं संपलं. घाई केली नाही ते बरं झालं.

बकरीची बातमी पहिल्या पानावर घेतली. त्याने जशी सांगितली तशी: "मनी बकरी रातले व्यानी. दोन पिल्ला व्हयनात. एक मरी गयं. आजी रडनी नही पन बोलनी बी नही." खाली मराठीत त्यानेच लिहिलं, तिघांच्या मदतीने, आणि 'बोलनी बी नही' ला अडले. एक म्हणे 'बोलली पण नाही', दुसरी म्हणे 'गप्प बसली'. दहा मिनिटं वाद. मी मध्ये पडणार होतो, पडलो नाही. शेवटी त्या पोराने ठरवलं, "गप्प नही सर, गप्प म्हंजे राग. बोलली पण नाही असंच लिवा." गायीला चार पाय लिहिणारा हाच तो!

मागच्या बाकावरच्या मुलीचं सांगायचं राहिलं. आई_पाचवीची ताईंनी लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी तिला एकटीला टॅब दिला. दोन दिवस ती काही बोललीच नाही त्याच्यावर. तिसऱ्या दिवशी बघतो तर रेकॉर्डिंगमध्ये तिने आमच्या शाळेसमोरच्या निंबाच्या झाडावर कोणकोणते पक्षी कधी येतात ते सांगितलेलं, सव्वातीन मिनिटं. तिला क आणि फ मध्ये गोंधळ होतो हे मला तीन वर्षांत कधी दिसलं नव्हतं, कारण ती लिहीतच नव्हती, आणि मी समजत होतो कंटाळा करते. तालुक्याला समावेशित शिक्षणवाल्या विशेष शिक्षकांना बोलावलंय, ते येतील तेव्हा येतील. तोवर ती पक्ष्यांच्या बातम्या बोलून देते आणि तिची मैत्रीण उतरवते, आणि खाली नाव दोघींचं येतं.

बॅकस्पेसची पैज आमच्याकडेपण लागली, 'ज्योत्स्ना' जिंकली. फोनबाईला दम लागत नाही हे ऐकून तर आता पोरं मुद्दाम पूर्णविराम न देता वाचायला लावतात, गंमत म्हणून.

फसलं तेही सांगतो. टीव्हीवर रोज नाव यायला पाहिजे म्हणून दोघांनी खोट्या बातम्या दिल्या, एकाच्या घरात वाघ आला होता म्हणे. यावर वर्गात बराच खल झाला, शेवटी 'खरं' आणि 'गोष्ट' असे दोन कप्पे केले, वाघ गोष्टीत गेला. आणि गुरुवारी केंद्रप्रमुख अचानक आले, नेमकं तेव्हाच टीव्हीवर दैनिक लावलेलं. तिसरी बातमी: "सरांनी काल गणिताच्या वह्या तपासल्या नाहीत. सर फोनवर बोलत होते." खरं होतं, मतदार यादीचं काम चाललेलं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, पूर्णविराम बरोबर दिलेत पोरांनी.

आता एकच. चौथ्या टॅबचा चार्जिंगचा पॉइंट ढिला झालाय, वायर तिरकी धरली तरच चार्ज होतो, पोरं पाळीपाळीने धरून बसतात. धुळ्यात किंवा पिंपळनेरला कुणी टाइप सीचा पॉइंट स्वस्तात बदलून देणारा माहितीतला आहे का?